माळवदावरची पोर्ट

माझं वाटोळं मुकुंदराव हेडक्लार्कांनी केलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ऐकताना तुम्हाला त्यांची कीव येईल. गल्लीतल्या बायकांसारखा आदरसुद्धा वाटेल कदाचित.

मी पोर्ट वाईनची बाटली बोलतेय. सोलापुरात बहुतेकांनी माझं नाव ऐकलेलं नाही, आणि ज्यांनी ऐकलंय ते चारचौघांत कबूल करत नाहीत.

मी पोर्तुगालातल्या द्राक्षांची. डोंगरउतारावरची जाड सालीची काळी द्राक्षं, माणसांनी पायांनी तुडवलेली. मग पिंप, मग जहाज, मग विलायतेतलं एक तळघर. तिथे मला या काळ्या काचेत भरलं, बूच ठोकलं, वर लाख लावली आणि आडवी निजवली. अंगावर पांढऱ्या रंगाचा एक फटकारा ओढला. ती वरची बाजू. कुणी उचललं तर परत ठेवताना तीच बाजू वर यायला हवी, एवढाच त्याचा अर्थ.

आडवं अशासाठी, की वाईन बुचाला लागून राहते, बूच ओलं राहतं आणि हवा आत शिरत नाही. अंधारात, गारव्यात आडवं पडून राहायचं. आमचं शिक्षण म्हणतात ते हेच, आणि ते पुष्कळ वर्षं चालतं. माझं मध्येच सुटलं. सोडवलं म्हणा.

मिलच्या एका गोऱ्या मॅनेजरने मला हिंदुस्थानात आणलं. बंगल्याखालच्या थंड खोलीत त्याने मला नीट आडवी ठेवली होती, त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. नोकरी संपवून परत जाताना हेडक्लार्कला काहीतरी द्यायला हवं म्हणून त्याने मला दिलं. मुकुंदरावांनी कमरेत वाकून, दोन्ही हातांनी, तीर्थ घेतात तशी मला घेतली.

"ले इट डाउन, मुकुंडराव," साहेब म्हणाला. "लेट इट मॅच्युअर." आणखी दहा-बारा वर्षांनी हिला चांगली किंमत येईल, तेव्हा वीक, नाहीतर तूच पी, असंही म्हणाला आणि हसला. मुकुंदरावही हसले. साहेब हसला की ते हसत.

मुकुंदरावांचं इंग्रजी फायलीतलं. पत्राच्या शेवटी स्वतःला साहेबांचा अत्यंत आज्ञाधारक सेवक लिहिण्यात त्यांचा हात धरणारा मिलमध्ये कुणी नव्हता. पण 'ले डाउन' म्हणजे आडवी निजव, हे त्यांना कळलं नाही. त्यांना वाटलं, खाली ठेव. म्हणून त्यांनी मला फडताळाच्या सगळ्यात खालच्या फळीवर ठेवली. उभी. आणि 'मॅच्युअर'चं मराठी त्यांनी बायकोला सांगितलं ते असं, "मुरू द्यायची."

"दारू आहे का?" रुक्मिणीबाईंनी लांबूनच विचारलं.

"वाईन आहे."

"म्हणजे दारूच की."

"अगं, द्राक्षांची असते. बंद आहे, तुझं सोवळं-ओवळं काही बिघडत नाही. जितकी मुरेल तितकी किंमत येणार. नंदूला पुढं पुण्याला कॉलेजात घालायचंय ना? त्याची सोय झाली म्हण."

नंदू तेव्हा पाटीवर बाराखडी गिरवत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि परत पाटीकडे. त्याच्या कॉलेजची आणि माझी गाठ पडली ती अशी, त्याला कॉलेज म्हणजे काय हे कळायच्या आत.

मुरवणं हा त्या घरात रुक्मिणीबाईंचा प्रांत. त्यांचा उन्हातला साखरांबा गल्लीत वाखाणला जायचा. कैरीचा कीस आणि साखर बरणीत भरायची, तोंडाला पातळ फडक्याचा दादरा बांधायचा आणि वैशाखभर बरणी माळवदावर ठेवायची. सोलापूरचं ऊन बाकीचं बघून घेतं. तर चैत्र संपताना त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मुरायला ऊन लागतं. नुसतं फडताळात ठेवून काय मुरतंय?"

मुकुंदरावांनी मिशीवरून बोट फिरवलं. साहेबाला कागद लिहून विचारता आलं असतं. सोलापुरात दुसरे साहेब होते, त्यांच्या खानसाम्यांना विचारता आलं असतं. पण आपल्याला एखादी गोष्ट कळत नाही, असं हा माणूस आयुष्यात कुणाला म्हणाला नव्हता.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "दाखव ऊन."

वर न्यायच्या आधी भांडी घासणाऱ्या केराबाईने मला हातात घेतलं.

"वयनी, हिला चुना लागलाय बगा कुनाचा तरी."

"काढ की घासून."

केराबाईने राखेने घासून माझा पांढरा फटकारा काढला. वरची बाजू कुठली, हे सांगणारी खूण गेली. तसंही तिथं ती वाचणारं कुणी नव्हतं.

आता वैशाखातल्या माळवदाबद्दल. सकाळी नऊलाच त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. दुपारी कावळासुद्धा बसत नाही. तिथं मला उभी केली, एका बाजूला साखरांब्याची बरणी, दुसरीकडे लिंबाच्या लोणच्याची. तोंडाला लाख लावलेली होती तरी त्यावरून माझ्या गळ्यात दादरा बांधला. सकाळी वर, संध्याकाळी खाली. मुकुंदराव ऑफिसातून आले की पगडी उतरवायच्या आधी विचारायचे, "बाटलीला ऊन लागलं का?" पोरांना ताप असला तरी इतक्या तत्परतेने विचारत नसत.

पहिल्या उन्हाळ्यात मी घाबरले. आतलं सगळं उकळून वर येतंय असं वाटायचं. दुसऱ्या उन्हाळ्यात बूच वर सरकलं आणि लाखेला तडा गेला. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर मला काही वाटेनासं झालं. आत जे होतं ते संपलं होतं. माझं वजन तेवढंच होतं, रंगही लांबून तोच, त्यामुळे हे कुणाला कळायचं कारण नव्हतं. साखरांबा मुरला. मी मेले. त्याच्या बरणीला आणि मला एकाच हाताने खाली आणलं.

त्यानंतर घरातलं सगळं माझ्यावर ठेवून चाललं. नंदूने सायकल मागितली, की "बाटली मुरू दे." नंदूच्या थोरल्या बहिणीच्या, प्रभाच्या लग्नात बनारसी शालू घ्यायचा होता, तेव्हा "बाटली काय शालवासाठी राखलीय? ती नंदूची." पाहुणे आले की मुकुंदराव फडताळ उघडून मला दाखवायचे. शिवायचे नाहीत, फक्त दाखवायचे. पाहुणे विचारायचे, काय हो, किती येतील हिचे? मुकुंदराव डोळे मिटून मान हलवायचे, जणू तो आकडा तोंडाने बोलणं बरं दिसत नाही.

केराबाई एकदा म्हणाली, "आमच्या मालकाला दिली आसती तर येका बैठकीत निकाल लागला आसता. तुमी लोक दारू पीत न्हाई, पर तिची बडदास्त लई ठेवता की."

रुक्मिणीबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

तीस साली गावात लष्करी कायदा आला. त्याआधी लोकांनी शिंदीची झाडं तोडली होती, दारूच्या दुकानांवर पोरं पहारा करत होती. मुकुंदराव दोन्हीकडून भ्याले. रस्त्यावर डोक्याला पांढरी गांधी टोपी दिसली तर गोरे सोजीर धरतील, घरात दारू दिसली तर पोरं तोंडाला काळं फासतील. त्यांनी दार लावून घेतलं, माझी चिठ्ठी कोमट पाण्यात भिजवून खरवडली आणि तिथं स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून चिकटवलं, 'द्राक्षासव'. माझं गाव, साल, घराणं, सगळं त्या पाण्याबरोबर मोरीत गेलं.

नंदू दारात उभा राहून बघत होता. ओठावर मिसरूड फुटलेलं. म्हणाला, "आण्णा, उद्या इंग्रज गेले तर चिठ्ठी परत चिकटवणार का?"

त्याला एक थोबाडीत मिळाली. त्या घरात खरं बोलणारा तो एकटाच होता, आणि खरं बोलायची किंमत त्याला अशी थोबाडीतच मिळायची.

नंदू मॅट्रिक झाला. सोलापुरात कॉलेज नाही, म्हणून पुण्याला गेला. पहिलं वर्ष मुकुंदरावांनी नोकरीच्या शेवटच्या पगारांतून कसंबसं काढलं. मग ते निवृत्त झाले. नंदू उन्हाळ्याच्या सुटीत घरी आला, ट्रंक ठेवली आणि पाणी प्यायच्या आत म्हणाला, "आता बाटली विका. जूनमध्ये फी भरली नाही तर नाव काढतील."

"अजून एक उन्हाळा," मुकुंदराव म्हणाले. "यंदा ऊन चांगलं आहे."

त्याआधी फाल्गुनातच प्रभा बार्शीहून, सासरहून, बाळंतपणाला आली होती. मुलगी झाली. मूल धडधाकट होतं, पण आईच्या अंगात ताकद येईना. भिंतीला धरून चार पावलं टाकली तरी तिला घाम फुटायचा. पोरीला पाजायला घेतलं की हात थरथरायचे. कमलाकर डॉक्टर येऊन गेले. नाडी बघितली, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या आणि म्हणाले, "रक्त नाही अंगात. पोर्ट वाईन मिळाली तर बघा. जेवणाआधी दोन-दोन चमचे. चांगली जुनी असेल तर उत्तम."

सगळ्यांनी फडताळाकडे बघितलं.

डॉक्टरांनी पोर्ट पुस्तकात वाचली होती. त्यांनीही मला कधी चाखलं नव्हतं. पण त्यांचं सांगणं आणि नंदूची फी एकाच महिन्यात आली, आणि मी एकच होते. खरं तर मी एकसुद्धा नव्हते. ते सांगायला मला तोंड होतं, त्यावर बूच होतं.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर बोलणं निघालं. मुकुंदराव पाटावर बसून सुपारी कातरत होते.

"ताईला द्या," नंदू म्हणाला.

खाटेवरून प्रभा म्हणाली, "गप रे नंद्या. तुझं कॉलेज आहे ते."

"कॉलेज पुढच्या वर्षी होईल."

"आण्णांचं पुढचं वर्ष कधी आलंय का आजवर?"

नंदू हसला. प्रभाही हसली आणि खोकली. मुकुंदरावांची सुपारी थांबली.

"मी बाप आहे का कोण आहे या घरात? मला काय कळत नाही?"

"तेच म्हणतोय," नंदू म्हणाला.

"नंदू," रुक्मिणीबाई हळू आवाजात म्हणाल्या, "वडिलांशी असं बोलू नये." मग नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, औषध म्हणून दिली तर काय होतंय? वर द्राक्षासवच लिहिलंय की."

"आणि बार्शीला कळलं तर? सून माहेरी जाऊन दारू पिऊन आली म्हणतील. त्यांच्या घरात कांदासुद्धा चोरून खातात." मुकुंदराव आडकित्ता खाली ठेवून उठले. "दूध आहे, तूप आहे. डिंकाचे लाडू आहेत. आपल्या बायका काय वाईन पिऊन उठल्या बाळंतपणातून? बाटली विकायची. उद्याच."

नंदूने बहिणीकडे बघितलं. तिने मान हलवली, होय म्हणून. पोरीच्या अंगावरचं दुपटं सारखं करत म्हणाली, "चांगलं झालं. मला तसाही तो वास सहन झाला नसता." तिने तो वास कधी घेतलाच नव्हता. नंदू उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. एकाने बहिणीसाठी कॉलेज सोडलं होतं, एकीने भावासाठी औषध, आणि दोघांनीही ते मनापासून सोडलं होतं. कशाच्या भरवशावर, तर माझ्या. मला त्याचं काही वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुकुंदरावांनी मला उपरण्यात गुंडाळलं आणि टांगा करून स्टेशनाकडच्या पारशाच्या दुकानात नेलं. पारशी शेठ म्हातारा होता. त्याने उपरणं सोडलं, द्राक्षासवाची चिठ्ठी वाचली आणि चष्म्यावरून मुकुंदरावांकडे बघितलं.

"ते वरवरचं आहे," मुकुंदराव म्हणाले. "आत विलायती आहे. साहेबांनी स्वतः दिलेली. बारा वर्षं मुरवलीय."

शेठने माझं बूच बघितलं. लाखेच्या तड्याखाली सुकलेला ओघळ नखाने खरडून जिभेला लावला. मग मला दिव्यासमोर धरलं. बराच वेळ धरलं.

"उनात ठेवली होती काय?"

"दरवर्षी. संबंध वैशाख."

"कशाला?"

"मुरायला."

"हे काय लोणचा हाय, रावसाहेब?" शेठ म्हणाला. आवाजात राग नव्हता, हसूही नव्हतं. कुणाच्या घरी प्रेत असताना बोलतात तसा आवाज. "याला अंधारा लागते. थंडा लागते. तुमी याला शिजवला. आता शिरका झाला, विनेगर. फुकट दिली तरी मी ठेवणार नाय."

त्याने मला परत उपरण्यात गुंडाळलं. गाठसुद्धा नीट मारली. बारा वर्षांत माझ्याशी नीट वागलेला तो पहिला माणूस, आणि त्याने मला बघितलं ते मेल्यावर.

मुकुंदराव टांग्यात बसले नाहीत. चालत सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत आले आणि पायरीवर बसले. मला मांडीवर ठेवलं. मला वाटलं, आता हे मला पाण्यात टाकतील, घरी जातील आणि सांगतील, माझं चुकलं. वाटलं म्हणजे आशा नव्हे, नुसता अंदाज. त्यांनी हात थोडा पुढे केलाही होता. तेवढ्यात ओळखीचे कुणी मास्तर जाताना दिसले, "काय हेडक्लार्क, इकडे कुठं?" असं म्हणाले आणि मुकुंदराव ताठ झाले. पगडी सारखी केली. मास्तरांशी बोलता बोलता त्यांचा चेहरा पूर्वीसारखा होत गेला. घरी पोचेपर्यंत तो पूर्वीपेक्षा बरा दिसत होता.

नंदू दारातच उभा होता. "शेठ काय म्हणाला?"

मुकुंदरावांनी मला उपरण्यातून काढून प्रभाच्या उशाशी ठेवलं.

"मी विचारलंच नाही," ते म्हणाले. "दुकानाच्या पायरीवरून परत आलो. पोरीचा चेहरा डोळ्यांपुढं आला. म्हटलं, पैसा काय, आज नाही उद्या. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. मुलगी आधी."

रुक्मिणीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. प्रभा रडायला लागली. "आण्णा, नंदूचं…" एवढंच म्हणाली.

नंदू पुढे आला आणि वाकून बापाच्या पायावर डोकं ठेवलं. "मी तुम्हाला ओळखलं नाही, आण्णा," म्हणाला.

मुकुंदरावांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात थोडा वेळ तिथंच राहिला. मला वाटतं त्या क्षणी त्यांचा स्वतःच्याच बोलण्यावर विश्वास बसला असावा.

मला त्याच संध्याकाळी उघडलं. बूच काढायला काही नव्हतं, नंदूने खिळ्याने फोडून काढलं. प्रभाने पहिला चमचा घेतला आणि तिचे डोळे मिटले.

"आंबट आहे."

"जुनी आहे ना," मुकुंदराव म्हणाले.

"साहेबलोक हे हौसेने पितात?"

"म्हणून तर जेवताना त्यांची तोंडं अशी असतात," नंदू म्हणाला. सगळे हसले. त्याने एक चमचा चाटून बघायलाही नाही म्हटलं, ताईचं कमी होईल म्हणून.

रोज जेवणाआधी दोन चमचे. प्रभा नाक धरून घ्यायची आणि कुरकुर करायची नाही, कारण त्या चमच्यात भावाचं कॉलेज होतं हे तिला ठाऊक होतं. आषाढापर्यंत ती उठली, हिंडू-फिरू लागली. आईने तिला रांधायला लावलं नाही, दुपारचं पोरीला दुसऱ्या कुणी घेतलं, पोटभर झोप मिळाली. मी काही केलं नाही. पण गल्लीत नाव माझं झालं, आणि माझ्याहून जास्त मुकुंदरावांचं. बायका आपल्या नवऱ्यांना त्यांचं उदाहरण देतात. बाप असावा तर असा. मुकुंदराव मान खाली घालून ऐकतात. ती मान लाजेने खाली आहे असं मी म्हटलं असतं, पण मी त्यांना बारा वर्षं ओळखते.

आता मी रिकामी आहे. केराबाईने मला धुतलं आणि रुक्मिणीबाईंनी आत वाळू भरली. वैशाखात माळवदावर कुरडया-पापड वाळत घातले की खाली अंथरलेल्या धोतराचं टोक वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर मला ठेवतात. आडवी. साहेबाने सांगितलं होतं तसं आता झालंय.

तुमच्या घरात कुणी असं काही राखून ठेवलेलं असेल, तर विकायचं असेल तेव्हा विका, प्यायचं असेल तेव्हा प्या. कसं ठेवायचं ते माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. वडीलधाऱ्यांनाही म्हणायला लावा. ते म्हणणार नाहीत, तरी.

नंदूचं नाव कॉलेजने जुलैत काढलं. तो मिलमध्ये हजेरी मांडतो. सकाळी निघताना बापाच्या पाया पडतो. मला जपण्यात त्याचं कॉलेज गेलं आणि माझी चव गेली.